बंद चुलीचं भाडं

मैत्रिणींनो, विजेचं बिल आलं की आपण काय बघतो? शेवटचा आकडा आणि भरायची तारीख. फार तर गेल्या महिन्यापेक्षा किती वाढलं ते. मग दोन दिवस घरात ‘पंखा बंद करा’, ‘फ्रीजचं दार किती वेळ उघडं’ असा जप चालतो आणि बिल टीव्हीखालच्या खणात जातं. या वेळी ते जरा बाहेर काढा आणि मधल्या ओळी वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी रांगच दिसेल. यातला स्थिर आकार मोठा मजेशीर आहे. तुम्ही महिनाभर माहेरी गेलात, घराला कुलूप होतं, एक दिवा लागला नाही, तरी तो भरावाच लागतो.

आपण वीज कंपनीला देतो, तसाच आकार ती कंपनीसुद्धा दुसऱ्या कुणाला तरी देत असते, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. वीज तयार करणाऱ्या केंद्राला दोन प्रकारे पैसे मिळतात. वीज घेतली तर तिच्या इंधनाचे, आणि ‘केंद्र तुमच्यासाठी तयार ठेवलं’ म्हणून वेगळे. दुसरे पैसे वीज घेतली नाही तरी द्यायचे असतात.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका याच मुद्द्यावर एक निकाल दिला. बातमी आतल्या पानावर आली आणि गेली. आपल्या महावितरणचं आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीचं भांडण होतं. कंपनीला देशातला स्वस्त वायू मिळेनासा झाला. तिने सांगितलं, आमचं केंद्र परदेशातून आणलेल्या महाग वायूवर चालायला तयार आहे, वीज घ्या. महावितरण म्हणालं, इतकी महाग वीज आम्हाला परवडत नाही, त्या वायूला आम्ही होकारही दिला नव्हता, तेव्हा पैसेही देणार नाही. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ साली कंपनीच्या बाजूने कौल दिला, अपील न्यायाधिकरणाने २०१५ साली तोच कायम केला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की, करारात आयात केलेला वायू इंधन म्हणून धरलेला आहे. वीज उचलली नाही, तरी केंद्र तयार असल्याचा आकार देणं भाग आहे.

न जळालेल्या चुलीचं भाडं, असं मी याला म्हणते. न्यायालयाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. २००७ च्या एप्रिलमधल्या करारात जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. प्रश्न आहे तो करार लिहिणाऱ्यांचा. कारण या ठिकाणी अशी ठेच लागण्याची ही दुसरी वेळ.

रत्नागिरी गॅस अँड पॉवर हे नाव परकं वाटेल, पण तिच्या केंद्राचं आधीचं नाव घराघरात ठाऊक होतं. एन्रॉन! आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मैत्रिणींना आठवत असेल, तेव्हा ‘एन्रॉन’ या शब्दावर निवडणुका लढल्या गेल्या. ‘अरबी समुद्रात बुडवू’ ही घोषणा त्यातलीच.

मी दोन वर्षांपूर्वी गुहागरला गेले होते. धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला उतरले. केंद्राला सगळे ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणतात म्हणून मी तिथल्या एका नारळ विकणाऱ्या मावशींना विचारलं, “प्रकल्प कुठे हो?” त्या हसल्या. म्हणाल्या, “तो पल्याड. आमच्याकडे नुसतं नाव.” खरंच आहे ते. दाभोळ दापोली तालुक्यात, आणि केंद्र वाशिष्ठीच्या पलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल, रानवी आणि वेलदूर या गावांच्या जमिनीवर. बाजूला गोपाळगड. गावाचं नाव एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, असं सुरुवातीपासूनच आहे म्हणायचं!

१९९२ साली एन्रॉन आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपन्यांनी राज्याच्या वीज मंडळाशी प्राथमिक करार केला. १९९३ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. एवढं मोठं केंद्र राज्याला पेलणार नाही आणि त्याच्या महाग विजेपायी कोळशाची स्वस्त वीज बाजूला ठेवावी लागेल, असं तिचं म्हणणं होतं. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वीजखरेदीचा करार झाला. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या मंडळींनी कराराचा हिशोब मांडून तो किती महागात पडेल हे लोकांना सांगितलं. १९९५ साली सरकार बदललं, नव्या सरकारने करार रद्द केला, आणि काही महिन्यांनी वाटाघाटी करून तो पुन्हा जिवंत केला, तोही आधीपेक्षा मोठा. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वायू अजून यायचाच होता, म्हणून तो नाफ्था या महागड्या तेलावर चालवला.

करारातली मेख काय होती, ते आपल्या भाषेत सांगते. दुधाचा रतीब लावलाय. रोज पाच लिटर. तुम्ही घ्या, न घ्या, पैसे पाच लिटरचे. भाव डॉलरमध्ये ठरलेला. गवळ्याने पेंड कोणतीही महाग आणली तरी तिचा भार तुमच्यावर. आणि घरात माणसं चारच, लागतं दीड लिटर. मग ते दीड लिटर किती रुपयांनी पडलं? अगदी असंच झालं. मंडळाला तेवढी वीज लागत नव्हती, परवडतही नव्हती, म्हणून ती कमी उचलली जायची. पण स्थिर आकार पूर्ण. रुपयाही घसरला. १९९३ साली डॉलरला साधारण ३१ रुपये पडत, ते २००१ साली ४७ च्या आसपास. तेलाचे भाव चढले. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये एका युनिटचा हिशोब पावणेआठ रुपयांच्या घरात गेला. त्या काळचे पावणेआठ रुपये! २००१ च्या मे महिन्याअखेर केंद्र बंद पडलं आणि डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. ती भानगड हिशोबातल्या लबाडीची होती, आपल्या केंद्रामुळे ती बुडाली असं नव्हे. पण अंजनवेलला कुलूप लागलं ते लागलंच.

याच्या पुढची काही वर्षं मी वेगळी सांगायला नको. भारनियमन! हा सरकारी शब्द आपल्या पिढीने स्वयंपाकघरात शिकला. २००५ ते २००८ च्या दरम्यान संध्याकाळच्या वेळी राज्यात चार हजार मेगावॅटहून जास्त तूट असायची. मुंबईत दिवे, आणि आपल्याकडे बारा-बारा तास अंधार. पिठाची गिरणी रात्री अकराला चालू व्हायची, मग डबा घेऊन रांग. पाणी चढवायला मोटर चालू करायची तर पहाटे तीनला उठायचं. दहावीची मुलं कंदिलाशी. शिलाई मशीनला मोटर बसवून घेतलेल्या बाया पुन्हा पाय मारायला लागल्या. आणि यातला बराच काळ कोकणात एक तयार केंद्र गंजत उभं होतं. एकीकडे वीज नाही आणि दुसरीकडे वीज करायचं यंत्र बंद. माझ्या सासूबाई म्हणायच्या, “घरात भांडी आहेत, पण सगळी कपाटात कुलपात.”

आता थोडं यंत्राबद्दल, कारण यंत्राला उगीच शिव्या बसतात.

वीज ही ताज्या भाकरीसारखी असते. जेवणारा ताटावर बसला की तव्यावरून ताटात. करून ठेवता येत नाही, ठेवायची तर मोठा खटाटोप. म्हणून ज्या क्षणी राज्यात जेवढी लागते, त्याच क्षणी तेवढी तयार करावी लागते. कोळशाचं केंद्र म्हणजे गुऱ्हाळाचं चुलाण. पेटायला कित्येक तास, आणि पेटलं की पेटतं ठेवावं लागतं. वायूचं केंद्र म्हणजे गॅसची शेगडी. पहिलं यंत्र अर्ध्या-पाऊण तासात चालू होतं, आच हवी तशी कमी-जास्त करता येते.

त्यात एक हुशारी आहे. वायू ज्यात जळतो ते यंत्र विमानाच्या इंजिनासारखं असतं. त्यातून बाहेर पडणारी हवा पाचशे अंशांहून जास्त गरम असते. ती नुसती सोडून न देता तिच्यावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरं यंत्र फिरवतात. आपल्या आजीच्या चुलीला बाजूला वैल असायचा, आठवतो? मुख्य जाळावर भाकरी आणि उरलेल्या आचेवर वैलावर डाळ शिजायची. तीच युक्ती. त्यामुळे जळणाच्या शंभर भागांतले पन्नासाहून जास्त भाग विजेत उतरतात. जुन्या कोळसा केंद्रात हाच आकडा तेहतीस-पस्तीसच्या आसपास असतो. राख नाही. कोराडी, चंद्रपूरकडच्या मैत्रिणींना वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख मी समजावून सांगायला नको. कार्बनही कोळशाच्या निम्म्याच्या आसपास.

इतकं सगळं चांगलं, मग बिघडलं कुठे? जळणात. हा वायू म्हणजे आपल्या सिलिंडरमधला नव्हे. सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी. हा नैसर्गिक वायू, मिथेन, शहरांत पाईपने स्वयंपाकघरात येतो तो, आणि रिक्षात सीएनजी म्हणून भरतात तोही हाच. चांगल्या केंद्रात एका घनमीटरपासून साधारण पाच युनिट वीज होते. आपल्या देशात तो पुरेसा निघत नाही. बाहेरून आणायचा तर उणे एकशे साठ अंशांपर्यंत गार करून पातळ करायचा, म्हणजे त्याची जागा सहाशेव्या हिश्श्यावर येते, मग जहाजात भरायचा, इकडे आणून पुन्हा उबवून वायू करायचा. या सगळ्याचा खर्च युनिटवर चढतो.

तर अंजनवेलची पुढची गोष्ट. २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून नवी कंपनी काढली गेली आणि केंद्र तिच्याकडे आलं. २००६ साली एक संच पुन्हा सुरू झाला, पुढे गुजरातेतल्या दहेजहून पाईपलाईन आली. क्षमता १,९६७ मेगावॅट. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून १,९५६ आहे, यावरून अंदाज करा. २००९ पासून आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळू लागला आणि दोनेक वर्षं हे केंद्र खऱ्या अर्थाने चाललं. बहुतेक वीज महाराष्ट्राला, थोडी गोव्याला आणि दमण, दादरा-नगर हवेलीला. आपलं भारनियमन हळूहळू कमी झालं, त्यात या केंद्राचाही वाटा होता, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे.

मग तो वायूच आटला. २०१० साली त्या खोऱ्यातून दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या वर वायू निघत होता, २०१३ साली तो दीड कोटीच्या आसपास आला. जो उरला त्याचं वाटप सरकार ठरवतं, आणि खत कारखान्यांपुढे, घरगुती पाईप गॅस-सीएनजीपुढे वीजकेंद्रांचा नंबर मागे. मला त्यात गैर वाटत नाही. स्वयंपाकाला थेट वायू वापरणं केव्हाही बरं. पण केंद्र पुन्हा बंद पडलं. अंजनवेलच्याच किनाऱ्यावर परदेशी जहाजं लागावीत म्हणून बांधलेला तळ २०१३ साली सुरू झाला, तर लाटा अडवणारा बंधारा अपुरा, म्हणून पावसाळ्यात जहाज लागेना. करोडो रुपये ओतायचे आणि शेवटचं झाकण विसरायचं, ही आपली जुनी खोड.

२०१५ च्या अखेरीस ते पुन्हा थोडं धुगधुगलं. साधारण पाचशे मेगावॅट वीज रेल्वेला द्यायची ठरली, आणि ती २०२२ च्या मार्चपर्यंत दिली गेली. त्याच सुमारास युक्रेनचं युद्ध पेटलं, जगभर वायूचे भाव कित्येक पटींनी चढले आणि आयात वायूवर वीज करायचा विचारही कुणाला परवडेना. देशात सगळीकडे तीच तऱ्हा आहे. २०२४ साली देशात वायूची केंद्रं जवळपास पंचवीस हजार मेगावॅटची उभी होती आणि एकूण विजेतला त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. आपल्या उरणजवळचं ६७२ मेगावॅटचं सरकारी केंद्र बॉम्बे हायच्या वायूवर चालतं, वायू समोरच्या समुद्रातला, तरी तेही वायूअभावी पूर्ण ताकदीने चालू शकत नाही.

मग ही केंद्रं मोडीत काढावीत का? माझं मत, नाही. २०२४ च्या मे-जूनमधला उन्हाळा आठवा. वीज कायद्याच्या अकराव्या कलमाखाली केंद्र सरकारने देशभरातल्या वायू केंद्रांना चालू राहण्याचा आदेश दिला होता. कारण मागणी शिगेला पोचली की पटकन पेटणारी शेगडीच लागते. आता दिवसा सौरऊर्जा भरपूर येऊ लागली आहे. पण सूर्य मावळतो आणि बरोबर त्याच वेळी आपण कुकर, मिक्सर, दिवे, टीव्ही, पंखे सगळं एकदम चालू करतो. कामावरून आलेल्या बाईने संध्याकाळचा स्वयंपाक दुपारी दोनला करावा, असं तर कुणी सांगू शकत नाही! (सांगणारे निघतील म्हणा.) त्या चार-पाच तासांसाठी कोयना आहे, घाटघरसारखं पाणी वर चढवून ठेवणारं केंद्र आहे, मोठ्या बॅटऱ्या येऊ घातल्या आहेत, आणि अडीनडीला वायू आहे. हे केंद्र पाहुण्यांच्या पंगतीचं मोठं पातेलं. रोजच्या वरणाला काढायचं नाही, पण भंगारवाल्यालाही द्यायचं नाही. मात्र पातेलं सांभाळायचा खर्च किती आणि तो कोण देणार, हे उघड सांगायला हवं. आज तो बिलातल्या रकान्यांत असा मुरलाय की आपल्याला चवही लागत नाही.

आणखी एक हिशोब आहे, तो कुठल्याच बिलात येत नाही. १९९७ सालच्या ३ जूनला पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले. वेलदूर हे मच्छिमारांचं गाव. बहुतेक पुरुष समुद्रावर गेलेले. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या बायकांना घरांतून ओढून काढलं, मारलं, गाडीत घातलं. त्यांत एक बाई तीन महिन्यांची गरोदर होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल काढला, ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली. बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही या दुसऱ्या अहवालात नोंदलेलं आहे. त्या बायकांची मागणी काय होती? आमचा मासा, आमचं पाणी, आमची जमीन यांचं काय होणार ते सांगा. मोठमोठे वकील आणि बँकवाले जे प्रश्न इंग्रजीत विचारत होते, त्यांच्याइतकेच ते नेमके होते. उत्तर म्हणून लाठी मिळाली. एन्रॉनवर पुष्कळ लिहिलं गेलं, त्यात डॉलर आणि मेगावॅट पानोपानी आहेत, वेलदूरच्या बायका मात्र तळटिपेत. मला याचा राग येतो आणि तो अजून गेलेला नाही.

हे सगळं आत्ता उकरायचं कारण असं की, लांबलचक करार आजही होत आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये महावितरणने अदानी समूहाला ६,६०० मेगावॅट विजेसाठी पसंतीपत्र दिलं. ५,००० सौर आणि १,६०० कोळशाची, सरासरी दर युनिटला ४ रुपये ८ पैसे, मुदत पंचवीस वर्षं. हा करार वाईटच आहे असं मी म्हणत नाही. या वेळी निविदा निघाली होती, सौर विजेचा दर पूर्ण मुदतीसाठी बांधलेला आहे, आणि १९९३ साली नसलेला राज्य वीज नियामक आयोग १९९९ पासून आपल्याकडे आहे. पण पंचवीस वर्षं म्हणजे आज बालवाडीत जाणाऱ्या मुलीचं लग्न होऊन तिचं मूल रांगायला लागेपर्यंत. कोळशाचा भाव वाढला तर भार कुणावर? वीज नको झाली तर स्थिर आकार किती? दहा वर्षांनी याहून स्वस्त वीज मिळाली तर बाहेर पडता येईल का? रतीब लावताना आपण गवळ्याला विचारतोच की, सुट्टीचे खाडे धरणार का म्हणून.

हे विचारायची जागा आहे. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जनसुनावणी घेतो. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत जाहीर सूचना येते, हरकती लेखी पाठवता येतात, मराठीत चालतात, वकील लागत नाही. मी एका सुनावणीला गेले होते. कारखानदार होते, यंत्रमागवाले होते, शेतकरी संघटनांचे लोक होते. बायका मोजून तीन, त्यांतली एक मी आणि एक नोंदणीच्या टेबलावर बसलेली. तिसऱ्या एका छोट्या गावातल्या पापड-मसाल्याच्या गटाच्या बाई होत्या. बाराशे रुपयांच्या बिलात स्थिर आकार नि वहन आकार मिळून किती, ते त्यांनी कागदावर जोडून आणलं होतं. त्यांनी विचारलं, “आमचा कांडप चार दिवस बंद होता तेव्हा तुम्ही सूट दिली नाही. मग त्यांचं केंद्र बंद असतं तेव्हा त्यांना पैसे का देता?” मंचावरच्या अधिकाऱ्यांनी प्रश्न लिहून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.